दोराला हात लागला की वाटा

गुरुदासच्या रापणीचा एक नियम होता, आणि तो मोडायची छाती खुद्द गुरुदासलाही नव्हती. दोराला ज्याचा हात लागला, त्याला वाटा. मग तो कोण का असेना.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. होडी समुद्रात अर्धा गोल मारून जाळं टाकून येते, आणि दोन्ही टोकांचे दोर धरून अख्खी वाडी ते वाळूवर ओढून घेते. आचऱ्याच्या अलीकडे, सुरूच्या बनामागे ही वाडी. एकदा टपाल घेऊन आलेला पोस्टमन गंमत म्हणून दोराला लटकला, तर गुरुदासने त्याला वाटा घेतल्याशिवाय हलू दिलं नाही. बिचाऱ्याकडे पिशवी एकच, पत्रांची. त्यानंतर आठवडाभर गावातल्या लग्नपत्रिकांना तारली माशांचा वास येत होता. लोक हसले, तर गुरुदास भडकला. "हसतास काय मेल्यांनू? रापण म्हंजे हीच. जेणां हात लावल्यान, तेका वाटो. नायतर ती रापण न्हय, चोरी!"

असा हा माणूस. आवाज भोंग्यासारखा, डोकं तापट आणि मन लोण्याचं. तांडेलकी, म्हणजे रापणीचं पुढारपण, बापाकडून आलेली, आणि बापाचा हा नियमही.

पण वाटा द्यायला जाळ्यात काही यायला तर हवं! गेली काही वर्षं रात्र झाली की समोरच्या पाण्यात दिव्यांच्या बोटी उभ्या राहायच्या. पाण्यावर इतका लख्ख उजेड की वाडीतले कोंबडे अवेळी आरवायचे. उजेडाला मासळी गोळा व्हायची आणि बोटवाले ती उपसून न्यायचे. सकाळी रापणीत उरायची ती जेलीफिश आणि मूठभर बारके पेडवे मासे. अख्ख्या वाडीने अंगठे-सह्या करून मत्स्यखात्याकडे तक्रार दिली होती, सुनावणी लागायची होती. ती जिंकली तर बोटी लांब जाणार आणि रापण जगणार. हरली तर जाळं गुंडाळून आधीच गेलेल्या आपल्या पोरांच्या मागोमाग मुंबई गाठायची. इतकं सरळ होतं ते.

आणि नेमका त्याच वर्षी टीव्हीवाल्यांचा तांडा आला.

कार्यक्रमाचं नाव 'कमीत कमी'. शहरातली धट्टीकट्टी पोरंपोरी किनाऱ्यावर झोपड्या बांधून राहणार. वीज नाही, प्लॅस्टिक नाही आणि विकतचं काही नाही. निसर्ग देईल तेवढंच खायचं. विकतचं खाल्लं की स्पर्धेतून बाहेर. काशीबाई, म्हणजे गुरुदासची बायको, हे ऐकून पदर तोंडाला लावून हसत सुटली. "अगो बाय! आमी जन्मभर तांच करतंव, आमका कोण टीव्हीत घालूक नाय!"

कार्यक्रमाची सगळी सूत्रं दीपिका नावाच्या मुंबईच्या मुलीकडे होती. वागायला गोड, गुरुदासला 'काका' म्हणायची, वाडीत कुणाच्याही ओट्यावर बसून चहा प्यायची. तिने विचारलं, "काका, आमची मुलं रापण ओढतील?" गुरुदासला काय, तेवढंच हवं होतं. म्हणाला, "ओढूंदेत की! हात लागलो की वाटो."

ओढली पोरांनी रापण. तळहात सोलवटले, एक पोरगी तर वाळूत बसून रडायला लागली, कालपासून तिच्या पोटात शहाळ्याच्या पाण्याशिवाय काही नव्हतं. आणि जाळं वर आलं तर आत काय? जेलीफिश. नुसती जेलीफिश. पोरं आ वासून बघत राहिली आणि गुरुदासची मान खाली गेली. लाज वाटली हो त्याला, भर उन्हात कुणी अंगावरचं धोतर फेडावं तशी. बापाच्या काळापासून त्या दोराला हात लावलेला माणूस रिकामा गेला नव्हता. परके आले की वाडीतले आपले वाटे कमी करून त्यांना द्यायचे, पण द्यायचे. आज कमी करायलाही काही नव्हतं.

पोरं पाय ओढत झोपड्यांकडे गेली, तसा त्याने काशीबाईला बाजूला घेतलं. "मालवणच्या लिलावात जा. बांगडे घेवन ये."

"लिलावात?" काशीबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "थंय कोणाचे मासे येतत ठावक आसा मा? ज्येंच्या नावान मी रोज बोटां मोडतंय, तेंचेच बांगडे हाडू?"

"पोरांका वाटो व्हयो."

"शिरा पडो तुमच्या वाट्यार!" असं म्हणत ती गेली, आणि टोपल्या भरून बर्फातले बांगडे घेऊन आली.

गुरुदास वाटे लावायला बसला, तर दीपिका धावत आली. "काका, असं नाही चालणार. विकतचं खाल्लं तर ती बाद होतील. जाळ्यातून आलं तरच घेता येईल त्यांना." मग हळूच, "जाळ्यात घालूया का? पुन्हा एकदा ओढतील. सगळ्यांचंच होईल."

आता बघा कसा अडकला तो. वाटा दिला नाही तर बापाचा नियम मोडतो. हातात दिला तर पोरं बाद होतात. मधे एकच वाट राहिली, आणि भोळा माणूस तीच चालला. "एवढाच मा? घाला जाळ्यात!" वाडीतल्या लोकांना तर चेष्टाच वाटली. बांगडे धुऊन, बर्फाचे खडे झटकून जाळ्यात घातले, जाळं गळाभर पाण्यात नेलं, पोरांना हाक मारली आणि पुन्हा ओढलं. पोरांनी बांगडे बघितले आणि अशी किंचाळली, अशी नाचली, की गुरुदासच्याही डोळ्यांत पाणी आलं. प्रत्येकाला वाटा मिळाला. नियम राहिला.

त्याच संध्याकाळी दीपिकाने त्याला कॅमेऱ्यासमोर बसवलं. गुरुदास भरभरून बोलला. दिव्यांच्या बोटी, ओस पडत चाललेली वाडी, तक्रार, सगळं. शेवटी म्हणाला, "दर्या आमचो बापूस. तो कोणाक उपाशी ठेवणा नाय. पण बापसाच्या ताटातलो घास कोण चोरून नेता, तां तरी बघा!" दीपिकाने त्याचे हात हातात घेतले. गुरुदासला वाटलं, चला, आता हे मुंबई-दिल्लीपर्यंत पोचलं.

भाग दाखवला त्या संध्याकाळी देवळाच्या मंडपात टीव्ही लावला होता. अख्खी वाडी जमली. समुद्र दिसला, होडी दिसली, काशीबाई दिसली तेव्हा शिट्ट्या वाजल्या. मग ते भरलेलं जाळं. पडदाभर चमचमणारे बांगडे, नाचणारी पोरं, आणि वरून एक भारदस्त आवाज: इथे माणूस निसर्गाकडून हवं तेवढंच घेतो, आणि म्हणून हा समुद्र आजही ओसंडून देतो. मग गुरुदासचा चेहरा आला. "दर्या आमचो बापूस. तो कोणाक उपाशी ठेवणा नाय."

आणि संपलं. जाहिरात लागली.

पुढचं वाक्य कुठे गेलं? बोटी, दिवे, तक्रार? गुरुदास जाहिरातीकडेच बघत बसला, जणू साबणानंतर तरी ते वाक्य येईल. नाही आलं. त्याने दीपिकाला फोन लावला. ती रडवेली झाली. "काका, मी ठेवलं होतं. वरच्यांनी कापलं. म्हणाले, कार्यक्रम प्रसन्न हवा." प्रसन्न! घ्या!

खरा तडाखा बसला तो सुनावणीत. बोटवाल्यांचा वकील उठला आणि त्याने नुसता मोबाईल सुनावणी घेणाऱ्या साहेबांपुढे धरला. तेच जाळं, तेच बांगडे, तेच वाक्य. "तक्रारदार म्हणतात, मासळी संपली. आणि हे तक्रारदारच आहेत ना, साहेब?"

कचेरीत शुद्ध बोलायचं म्हणून गुरुदासने आठवडाभर घोकलेलं सगळं मराठी घशातच राहिलं. "सायबानु, ते मासे विकतचे! आमी जाळ्यात घातलेले!"

"विकतचे? कुणाकडून घेतलेत?"

गुरुदासने बोटवाल्यांच्या बाकाकडे बघितलं. "ह्येंच्याच बोटीचे."

कचेरीत हशा पिकला. बोटवाले तर मांड्या थोपटून हसले. साहेब मात्र हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, "मग तुम्ही टीव्हीवर खोटं दाखवलंत, की इथे खोटं बोलताय? मी कशावर विश्वास ठेवू?"

त्याच्या मागे अख्खी वाडी उभी होती. गुरुदासने हात जोडले. "तुमी स्वता येवा. फाल्यां सकाळीच रापण टाकतंव. डोळ्यांनी बघा, आणि मगे काय तां लिवा."

साहेब माणूस सरळ होते. दुसऱ्याच सकाळी आले.

रापण टाकण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालायचं असतं. गुरुदासने नारळ हातात धरला, वाडी मागे उभी राहिली. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझी लेकरां तुज्यासमोर हुबी आसत…"

"व्हय म्हाराजा!"

आणि गुरुदास थांबला. रोजचं वाक्य ओठावर आलं होतं, जाळा भरून दी. पण आज ते मागायचं कसं? आणि जाळा रिकामा दी, असं तरी कुठला तांडेल मागेल? जीभ झडून जाईल! "तुका बरा दिसात तां कर रे म्हाराजा," इतकंच कसंबसं बोलला.

"व्हय म्हाराजा!"

होडी फिरून आली, दोर ओढायला सुरुवात झाली. साहेबांनाही राहवलं नाही. बूट काढले, पॅन्ट दुमडली आणि दोराला हात लावला. गुरुदास छातीभर पाण्यात, जाळ्याच्या मागच्या बाजूला. आणि पायाला काहीतरी धडकलं. मग पोटाला. मग पाणी उकळल्यासारखं खदखदायला लागलं.

बांगडे! अरे देवा, बांगडे! जाळं शिगोशीग भरलेलं, गेल्या कित्येक वर्षांत भरलं नव्हतं असं. दोरावरची माणसं वजन लागताच सवयीने ओरडली, "इलो रे इलो!" आणि मग एकेकाचं तोंड मिटत गेलं. साहेबांकडे बघायची कुणाची हिंमत होईना.

गुरुदासच्या हातात जाळ्याचा खालचा दोर होता. वीतभर उचलला असता तर सगळी मासळी खालून सुळकन समुद्रात. कुणाला कळलं नसतं. तक्रार वाचली असती, वाडी वाचली असती. आयुष्यभर ज्याच्यासाठी नारळ फोडले, तेच आज छातीशी धडका मारत होतं, आणि ते सोडून द्यायचं?

एकदा या जाळ्यात त्याने खोटं घातलं होतं. आता त्यातलं खरं काढून टाकायचं? नाही जमलं त्याला. तो रडतच ओरडला, "बघतास काय? ओढा रे!"

जाळं वाळूवर आलं. गुरुदासने वाटे लावले आणि पहिली टोपली साहेबांपुढे ठेवली.

"मला नको," साहेब मागे सरले. त्यांचाही चेहरा पडला होता. "अहो, मी आता काय लिहू?"

"जां बघितलास तां लिवा. आणि वाटो न्हेयाच लागतलो. दोराक हात लागलो तुमचो."

साहेबांनी बघितलं तेच लिहिलं. तक्रार फेटाळली गेली, बोटी होत्या तिथेच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी रापण परत पडली. जाळं वर आलं, आत जेलीफिश, शेवाळ आणि एकुलता एक पेडवा. गुरुदासने तो पेडवा तळहातावर घेतला आणि काल साहेब दोर धरून उभे होते त्या जागेकडे बघत राहिला. काशीबाई रिकामी टोपली घेऊन मागे येऊन उभी राहिली.

"आता बोलवा तुमच्या सायबाक," ती म्हणाली.