पोळ्याच्या दिवशी खेचरांना सुट्टी

मी पुण्याची, नवरा वर्ध्याकडचा आणि घर शारजात, अल नहदाच्या एका टॉवरमध्ये. या तिघांचा मेळ घालता घालता मी आधीच मेटाकुटीला आले होते, त्यात त्या वर्षी सासरे आले. सासूबाई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि बाबा गावी एकटेच. सकाळची पोळी रात्रीला आणि रात्रीची सकाळला, असं त्यांचं चाललंय हे शेजाऱ्यांकडून कळलं, तेव्हा नवऱ्याने व्हिजिट व्हिसा काढून त्यांना उचलूनच आणलं. आमचा बेत साधा होता. व्हिसा संपायच्या आत त्यांना इथेच कायमचं राहायला राजी करायचं. ते मात्र रोज सकाळी भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरपुढे उभे राहून परतीची तारीख बघायचे.

एकदा मी चिडून विचारलंच, इथे तुम्हाला कमी काय आहे म्हणून. ते शांतपणे म्हणाले, "बोलाले कोणी नाही, सूनबाई."

मला राग आला, कारण ते खरं होतं. आम्ही दोघं सकाळी दुबईच्या ट्रॅफिकमध्ये शिरायचो ते संध्याकाळीच सुटायचो. लेक दहा वर्षांची. मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून इंग्रजीच यायचं. बाबा विचारायचे, जेवली का माय? ही 'येस आबा' म्हणायची आणि खोलीत पसार. दोघांचं बोलणं तिथेच खलास.

सुट्टी संपून शाळा उघडली आणि प्रोजेक्ट आलं. जुन्या काळी वाळवंटातून माल कसा न्यायचे, याचं मॉडेल करायचं. उंट आणि खजूर आधीच वाटले गेले होते. आमच्या वाट्याला आली अमेरिकेतली खेचरांची गाडी. वाळवंटाच्या पोटातून टाकणखार काढायचा, दोन अजस्र गाड्यांत भरायचा, मागे पाण्याची टाकी जोडायची आणि वीस जनावरांनी ते सगळं दहा दिवस ओढत रेल्वेपर्यंत न्यायचं. नवरा रास अल खैमाच्या डोंगरातून दगड आणणाऱ्या ट्रकांच्या कंपनीत. त्याच्या अंगात लगेच संचारलं. त्याने प्लायवूड कापून गाड्या केल्या, पावडरच्या डब्याची टाकी केली आणि जनावरं जुंपायला माझी गळ्यातली तुटकी साखळी मला न विचारता लंपास केली.

राहिली खेचरं. टाकणखार म्हटल्यावर बाबांनी मान वर केली. बाळाच्या तोंडात फोड आले की मधातून लावतात तो का, असं विचारलं. हो म्हटल्यावर म्हणाले, आणा माती, जनावरं मी करतो.

त्यांनी केलीही. बाल्कनीत बैठक मारून, लेकीच्या पुस्तकातलं चित्र समोर ठेवून. पण लहानपणापासून पोळ्याला बैलच केलेले ते हात. प्रत्येक खेचराला पाठीवर छान वशिंड आणि डोक्यावर शिंगं. लेक ओरडली, "आबा, म्यूल्स डोन्ट हॅव हॉर्न्स!" त्यांनी निमूटपणे शिंगं मोडून त्यांचे लांब कान केले. वशिंड मात्र काही जाईना. दाबून बसवलं तरी पुढच्या जनावराला पुन्हा यायचंच. लेक आधी वैतागली, मग हसायला लागली, मग शेजारी बसून वशिंडं चेपायला लागली. वळणावर काही खेचरं साखळीवरून उडी मारून पलीकडे जायची आणि गाडी वळवायची, हे तिने त्यांना पुस्तकातून वाचून दाखवलं. इंग्रजीतच, पण हातवारे करून. बाबा म्हणाले, आमचे बैल असं काही करते ना, तर मी त्यायले खांद्यावर घेऊन नाचलो असतो. ती खुदकन हसली. मी आतून बघत होते. भाजी करपली, तरी मी तिथून हलले नाही.

प्रोजेक्ट द्यायच्या आदल्या संध्याकाळी मी घरी आले तर वीसही खेचरांच्या खांद्यांवर हळद आणि तूप. माझं टाळकं सटकलं. शाळेचं प्रोजेक्ट आणि त्याला तूप! बाबा तुपाचं बोट तसंच धरून एकेका जनावराला सांगत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी पोळा होता. माझ्या तर ध्यानीमनीही नव्हतं. ते कॅलेंडरात नुसती परतीची तारीख बघत नव्हते तर.

सकाळी लेक साखळी जोडायला बसली. बाबांनी तिचा हात धरला. पोळ्याच्या दिवशी जनावर जुंपत नाहीत, म्हणाले. बैल असो की खेचर, वर्षात एक दिवस त्याची मान मोकळी. मी पर्स खांद्याला लावून दारात उभी. म्हटलं, "अहो बाबा, तिचे मार्क जातील!" खाली स्कूलबस हॉर्न मारत होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाले, बरं. आणि स्वतःच साखळी उचलून पहिल्या खेचराच्या गळ्यात घालायला लागले. कडी तीनदा निसटली, काही केल्या बसेना. मला शब्द मागे घ्यावेसे वाटले, पण बस होती, मार्क होते.

लेकीने त्यांच्या हातातून साखळी काढून घेतली, खिशात टाकली, खोकं उचललं आणि मागे वळून न बघता गेली. मला वाटलं, झालं. इतक्या दिवसांत जुळलेलं सगळं मुसळ केरात. बाबांनाही तसंच वाटलं असणार. ते दिवसभर जेवले नव्हते, हे मला घरी आल्यावर कळलं.

लेक खोकं घेऊन सोफ्यावरच बसली होती. टीचरने विचारलं म्हणे, गाडी जोडली का नाही? हिने सांगितलं, आज यांची सुट्टी आहे, माझ्या आजोबांनी यांना जेवायला बोलावलंय. वर्ग हसला, मार्क कापले गेले. एवढं सांगून ती सरळ बाबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी अख्खं वाक्य मराठीत बोलली. "आबा, तुम्ही बोलावलं ना त्यांना? मग जेवण कुठे आहे?"

मी पर्स फेकली आणि पुरण शिजायला टाकलं. ऑफिसचे कपडेही बदलले नाहीत. खेचरांपुढे नैवेद्य ठेवला, मग बाबा आणि लेक एकाच ताटात जेवले. बाबांनी पाच पोळ्या खाल्ल्या. मी मोजल्या नाहीत, नवऱ्याने मोजल्या.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणजे इथली सुट्टी. दोघांनी मिळून गाडी जुंपली आणि हॉलभर ओढली. जेवणं झाल्यावर बाबा स्वयंपाकघरात आले, ओट्यापाशी उगाच घुटमळले. त्यांच्या हातात पासपोर्ट होता.

"पोट्टी म्हणते, पुढच्या पोळ्याला उंट करू," ते म्हणाले. "मंग मी जाऊ कसा?"