जे गूळ घेऊन परत आले नाहीत

रझियाबाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत खिचडीच्या तांदळावरून भांडत होते. फोन वसमतहून होता, तिच्या घरमालकिणीचा. "बाई, तुमच्या मॅडम सकाळी चहा करता करता पडल्या... नांदेडला नेईपर्यंत..." डोक्यातली नस फुटली, असं नंतर कळलं. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती बाईनं. मयतीला कुरुंद्याला गेले तर घरासमोर ही गर्दी, आणि ओसरीच्या कोपऱ्यात अब्बा, बाजीचे वडील, भिंतीकडे तोंड करून बसलेले. त्यांच्याकडे बघून मला रडू आलं नाही, रागच आला. खोटं कशाला सांगू? बाप-लेकीचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं आणि ते बंदच राहिलं. तेव्हापासून चैन म्हणून नाही. भाकरी थापता थापता उठते, दारात जाते, परत येते. पोरांच्या वह्या तपासायला घेते आणि एकच ओळ चार वेळा वाचते. आई म्हणते, "काहून अशी करून राहिली गं, बस की एका जागी." आता आईला काय सांगणार? एका जागी बसणं बाजीलाही कधी जमलं नाही, आणि तिचा वाण नाही पण गुण मला लागलाय.

तिची-माझी ओळख झाली ती आमच्या घरातल्या मरणामुळं. नव्वदच्या दशकातली गोष्ट, हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती. माझी धाकटी बहीण सुमन पहिल्या बाळंतपणाला शिरड शहापूरला माहेरी आली होती. सातवा लागलेला, आणि डोळे पिवळे झाले. आमच्या भागात कावीळ म्हटलं की लोकांना दवाखाना नंतर आठवतो, आधी कुरुंद्याचे शब्बीरचाचा आठवतात. म्हणजे हेच, बाजीचे अब्बा. दर इतवारी उपाशीपोटी भुईआवळ्याचा पाला वाटून ताकातून द्यायचे. हिंदू, मुसलमान, बौद्ध, कोणीही या. पैसा घेत नसत, कधीच नाही. रिवाज एकच, गुण आला की गुळाचा खडा घेऊन परत यायचं आणि तो तिथं बसलेल्या नव्या लोकांना वाटायचा. आईनं सुमनला दोन इतवार नेलं. तिसऱ्या इतवाराच्या आधीच ती बरळायला लागली. नांदेडला पोचेपर्यंत ती आणि पोटातलं, दोघंही गेली.

त्यानंतर काही महिन्यांनी एक बाई दारात उभी. डोक्यावर ओढणी, खांद्याला कापडी पिशवी, चपला धुळीनं भरलेल्या. म्हणाली, "मी कुरुंद्याच्या चाचांची मुलगी. तुमच्या सुमनताईंना गुण आला का, हे विचारायला आले." आईला वाटलं, बाई रिवाजाचं मागायला आलीय. पदर तोंडाला लावून म्हणाली, "गूळ आणायचा राहिला, बाई. लेकरूच गेलं तर गूळ कशाचा आणावा..." माझं डोकंच फिरलं. मी तोंडाला येईल ते बोलले, चालती हो म्हणाले. ती हलली नाही. तिथंच उंबऱ्याशी बसली. आणि म्हणाली, "मला पहिल्यापासून सांगा. काय काय झालं, कधी झालं. मी मध्ये बोलणार नाही." आई सांगत गेली. पिवळे डोळे, खाज, उलट्या, ती काय बोलली, काय खायला मागितलं, सगळं. बाजी खरंच मध्ये बोलली नाही. ती गेल्यावर आई म्हणाली, "समदे म्हणले नशीब. हिनं एकटीनं इचारलं."

रझियाबाजी वसमतच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. डॉक्टरेटसाठी तिनं बापाचंच झाड घेतलं होतं, भुईआवळा. शेताच्या बांधावर पावसाळ्यात उगवतो तो, पानांच्या खाली बारीक मण्यांसारखी फळं लागतात. मार्गदर्शक म्हणाले, आधी विश्वासार्ह संदर्भ गोळा करा. झालं! ही परभणीला गेली, औरंगाबादला गेली, अब्बांच्या पेटीतली जुनी उर्दू पुस्तकं काढून बसली. सगळीकडे लिहिलेलं होतं की या झाडानं असंख्य काविळीचे रोगी बरे झाले. कुणी बघितले ते रोगी? तर हे पुस्तक त्या पुस्तकाचं नाव सांगतं, ते पुस्तक आणखी जुन्याचं. "इतक्या घागरी आणि आड एकच, आशा," ती मला पुढं म्हणाली होती, "आणि त्या आडात पाणी हाय का नाही, ते कुणी वाकून बघितलंच नाही."

अब्बांना हसू यायचं. "किताबें कायकू छानती? जिंदा सबूत देख, इतवार को बैठ इधर." ती बसली. गूळ घेऊन माणसं येत होती, पाया पडत होती, नव्या आलेल्यांना गूळ देऊन सांगत होती की घाबरू नका, मी बघा कसा खडखडीत झालो. बाजीनं विचारलं, "अब्बा, जो गूळ लेके नै आए, वो?" अब्बा खो खो हसले आणि चक्क मराठीत म्हणाले, "गरज सरो नि वैद्य मरो, बेटी!" घरात सगळे हसले. कुणीही हसलंच असतं. न आलेला माणूस म्हणजे बरा होऊन विसरलेला माणूस, हे त्या घरानं पिढ्यानपिढ्या धरून ठेवलेलं. पण बाजी तिथंच अडून बसली. ती म्हणायची, "पुस्तकांनी पण हेच केलं गं. गूळ घेऊन आलेल्यांचंच लिहिलं." अब्बांना कोण आलं, कुठल्या गावचं, कुणाचं पोरगं, सगळं तोंडपाठ. तिनं न आलेल्यांची नावं विचारली तर त्यांनी आनंदानं सांगितली. त्यांना वाटलं, लेक नमकहरामांना लाज आणायला चाललीय.

मी तिच्यासोबत का फिरायला लागले, ते मलाही सांगता येणार नाही. घरात सुमनची खाट बघवत नव्हती, एवढं खरं. एसटी, काळीपिवळी जीप, मिळेल त्यातून सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी. सेनगावला एक किराणा दुकानदार होता, चांगला धडधाकट. बाजीला बघून त्यानं जीभ चावली. "अरे बापरे, गूळ राहिलाच की!" आणि ऐकेचना, अख्खी ढेप आमच्या गळ्यात मारली. जीपमध्ये ती मांडीवर घेऊन आम्ही दोघी हसून हसून बेजार. "हा खरा नमकहराम सापडला बघ," बाजी म्हणाली. कुणी इकडं पाला घेतला होता आणि तिकडं डॉक्टरांची सलाइनही लावली होती, मग गुण कुणाचा म्हणायचा? नांदेडच्या एका डॉक्टरांनी तिला समजावलं की बरीचशी कावीळ आराम केला तरी उतरते. पण गरोदर बाईला झाली तर एक दिवस घालवू नका. आणि मग काही घरं अशी लागायची की दार उघडणाऱ्याच्या तोंडावरूनच कळायचं. तिथं बाजी आमच्याकडं बसली तशीच बसायची, तेच म्हणायची, पहिल्यापासून सांगा. पोटुशा बायांची घरं जास्त निघत गेली तशी ती येताना जीपमध्ये बोलेनाशी झाली. झाडाला तिनं कधी वाईट म्हटलं नाही. "झाड बिचारं काय करेल? माणसं त्याच्या भरवशावर थांबून राहिली, ते वाईट."

एका दुपारी तिनं अब्बांसमोर एकेक नाव घेतलं. मी ओसरीवर होते. अब्बा ऐकत राहिले, मग म्हणाले, "मतलब मैंने मारा उनको?" "नै अब्बा. तुम्हाला माहीतच नव्हतं. मलाही नव्हतं. पण आता पोटुशी बाई आली तर दवा देऊ नका. तिला जीपमध्ये बसवा, नांदेडला पाठवा. बस, इतकंच." अब्बा उठून उभे राहिले. "मरते बाप को जबान दी मैंने. इस दर से कोई खाली हात नै जाएगा." आत निघून गेले, ते लेकीशी पुन्हा बोलले नाहीत. तिकडं मार्गदर्शकांचं वेगळंच. हे घरोघरचं ऐकीव, याला संदर्भ म्हणत नाहीत, काढून टाका. "गेलेल्यांना वगळून मी डॉक्टर होऊ?" बाजी म्हणाली. नाही काढलं. डॉक्टरेट राहिली ती राहिलीच.

मग सुरू झालं फाट्यावरचं. दर इतवारी सकाळी ही बाई कुरुंद्याच्या फाट्यावर उभी. एसटीतून बाया उतरल्या की ही आडवी. "कावीळ हाय का? किती महिने झाले?" पोटुशी निघाली की विनवण्या करून, रागावून, कधी स्वतःच सोबत बसून दवाखान्यात न्यायची. गावाला तमाशाच झाला. बाप घरात दवा देतो आणि लेक फाट्यावर माणसं अडवते! काही बाया तिला चुकवून शिवारातल्या पायवाटेनं जायला लागल्या, तर ही चिखल तुडवत त्यांच्या मागं. मी एकदा चांगलीच भांडले, "अगं, बाप आहे तो तुझा!" तर म्हणाली, "म्हणूनच ना. त्यांच्या हातून आणखी एक जाऊ नये." ईदला ती घरी जायची. अब्बा तोंडासमोर पेपर धरून बसायचे. ती सलाम करायची, थोडा वेळ थांबायची, वसमतला परत यायची. हे सगळं वर्षानुवर्षं. मला तिचा अभिमान वाटायचा, आणि संतापही यायचा, आणि ती एकटी जेवते याचं वाईट वाटायचं...

मागच्या इतवारी आमच्या दारात कुणीतरी काठी टेकल्याचा आवाज झाला. बघते तर अब्बा! इतवारी घर सोडून ते आजवर कधी कुठं गेले नव्हते. एकटेच दोन गाड्या बदलून आले होते, दम लागलेला. आईला आता नीट दिसत नाही. तिनं विचारलं, "कोन हाय?"

"मी कुरुंद्याचा. रझियाचा बाप."

मला राहवलं नाही. म्हणाले, "आज घरी कोण आहे? पोटुशी आली म्हणजे?" ते म्हणाले, "दार बंद करून आलो. पुतण्याला फाट्यावर उभा केला." मी आणखीच भडकले, "मग हे तिला का नाही सांगितलं? ती होती तेव्हा का नाही?" अब्बांनी माझ्याकडं बघितलं. "हर इतवार सोचता था, बेटी, अगले इतवार को बोलूँगा."

"तू गप," आई मला म्हणाली. चटईवर सरकून तिनं जागा केली. अब्बा काठीचा आधार घेत घेत खाली बसले, त्यांना वेळ लागला. मग हात जोडून आईला म्हणाले, "भाभी, सुमनबेटीला काय काय झालं होतं, पहिल्यापासून सांगा. मैं बीच में नै बोलूँगा."

आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "तुमचीबी लेकच गेली, भाऊ," आणि सांगायला लागली, "सकाळी तोंड धुता धुता म्हणली, आई, माझे डोळे बघ गं कसे दिसून राहिले..."