बेंबी सरकली नव्हती

माझा धाकटा भाऊ भूपेंद्र नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर कामाला आहे. आमच्या अख्ख्या कोरीट गावात विचारा, भरलेलं पोतं एका झटक्यात खांद्यावर घेणारा गडी दुसरा नाही. दुखलं-खुपलं तरी तोंडातून शब्द काढणार नाही. घडवला कोणी? मी. शिकलो सातवीपर्यंतच, पण सरकलेली बेंबी बसवावी तर या नवलसिंगनं. पार खापरहून माणसं येतात माझ्याकडं.

बुधवारी तो दुपारीच घरी आला.

"दादा, बेंबीजोगे दुखी ऱ्हायनं."

जेवला नाही. एक उलटी झाली. संध्याकाळी म्हणाला, आता खाली उजवीकडं दुखतंय.

"दखं का? सरकी गयी ना उजवीकडे!" मी म्हणालो.

त्याची बायको शोभाबाई. आमच्यात भावजय जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलत नाही. ती पदराआडून नवऱ्यालाच म्हणाली, "दवाखानामा जाऊत ना."

"घरमा डॉक्टर शे ना!" मी बाहेरूनच सांगितलं.

तेल लावलं, अंगठा रोवला आणि उजवीकडून बेंबीकडं चोळत आणलं. तो दात आवळून पडून राहिला. सकाळी परत चोळलं, तर थोड्या वेळानं दुखणं एकदम थांबलं.

"दादा, आते बरं वाटस."

मी ओट्यावर जाऊन गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलो, बसली म्हणून. शेजारचा झिपरूकाका म्हणाला, "नवलसिंग, तुना अंगठाले सोनानी अंगठी कर रे आते!"

दुपारी भूपेंद्र तापानं फणफणला. पोटाला हात लावला तर फळीसारखं कडक.

दवाखान्यात लगेच ऑपरेशन झालं. मग डॉक्टरनं मला कागदावर चित्र काढून दाखवलं. अन्न घशातून जठरात, तिथून वीस फूट लहान आतड्यात. ते मोठ्या आतड्याला जिथं मिळतं, तिथं खाली उजवीकडं करंगळीएवढं एक शेपूट असतं, अपेंडिक्स. ते सुजलं की आधी बेंबीपाशी दुखतं, मग उजवीकडं.

"बेंबी कुठं सरकत नसते, दादा. ते आत फुटलं. फुटल्यावर थोडा वेळ बरं वाटतं."

"मी चोळल्यानं फुटलं का?"

"चोळायला नकोच होतं. आणि एक दिवस गेला."

डॉक्टर पुढंही बोलला. आतडं स्वतःच लाटेसारखं हलून अन्न पुढं ढकलतं. आतल्या घाणीनं ते आता झोपलंय. पोटातला वारा सुटेपर्यंत पाण्याचा घोटही द्यायचा नाही.

आज चौथा दिवस. नाकात नळी, पोट फुगलेलं, ओठ सुकलेले. नर्स सकाळ-संध्याकाळ विचारते, "गॅस गेला का?" डॉक्टर कानातली नळी पोटावर ठेवून ऐकतो आणि मान हलवतो. काल मी हट्टानं ती नळी माझ्या कानाला लावून घेतली. आत काहीच आवाज नव्हता. जित्या माणसाचं पोट इतकं गप्प असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मी पांघरूण सारखं करायला गेलो तर शोभाबाई समोर आली. डोक्यावर पदर होता, पण नजर सरळ माझ्याकडं.

"दादा, त्यासना पोटले हात लावू नका."

सोळा वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली. मी मागं झालो.

मघाशी ती औषध आणायला खाली गेली, तेव्हा भूपेंद्रनं डोळे उघडले.

"दादा, थोडंसं चोळी दे ना. तुना हातनं बरं वाटस."

अजून माझ्यावरच भरोसा त्याचा. मी दोन्ही हात मांडीखाली दाबले.

"नको रे भाऊ. मले नही येत ते."

नर्स आत आली.

"गॅस गेला का?"

"नाही, ताई," मी म्हणालो.