बाबांच्या बोटाचं मीटर

बाबांना दवाखान्यातून घरी सोडलं त्या दिवशी डॉक्टरांनी औषधांच्या चिठ्ठीवर सगळ्यात खाली एक ओळ लिहिली आणि तिच्याखाली दोनदा रेघ मारली. घरी ऑक्सिमीटर ठेवायचं. मला बाजूला घेऊन त्यांनी नीट समजावूनही सांगितलं. बोटाला लावलं की रक्तात ऑक्सिजन किती आहे ते हे यंत्र दाखवतं. निरोगी माणसाचा आकडा सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव येतो. बाबांचा आता तेवढा यायचा नाही. नव्वदच्या आसपास राहिला तर त्यांच्यासाठी तोच चांगला. अठ्ठ्याऐंशीच्या खाली उतरला, की मात्र वाट न बघता घेऊन यायचं.

बाबा विशीत भंडाऱ्याकडचं गाव सोडून भिलाईला आले आणि सगळी नोकरी त्यांनी पोलादाच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनवर, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर काढली. तिथली धूळ आणि तिच्या जोडीला बिडी, दोघींनी मिळून त्यांची छाती खाल्ली. निवृत्त झाल्यावर बिडी सोडली, पण तोवर उशीर झाला होता. आता क्वार्टरच्या फाटकापासून पलंगापर्यंत येताना त्यांना दोनदा थांबावं लागायचं. घरात आम्ही तिघंच: आई, बाबा आणि मी. मी दुर्गला बोरसीतल्या एका खाजगी शाळेत शिकवते. दवाखान्याच्या दाराशी औषधांचं दुकान होतं, तिथे मी ऑक्सिमीटरची किंमत विचारली आणि 'नंतर येते' म्हणून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सुपेल्याच्या बाजारात गेले. कोरोनाच्या वेळी हेच यंत्र वाट्टेल ती किंमत द्यायला तयार असूनही मिळत नव्हतं. आता ते एका मोबाइलच्या दुकानात कव्हरं आणि चार्जर यांच्यामध्ये टांगलेलं होतं. दुकानदाराने माझ्या बोटाला लावून दाखवलं. अठ्ठ्याण्णव. औषधाच्या दुकानातल्या किमतीच्या चौथ्या हिश्श्यात मिळालं, म्हणून मी स्कूटीवरून येताना स्वतःवरच खूश होते.

घरी बाबांच्या बोटाला लावलं. लाल दिवा लागला, आकडा आला. अठ्ठ्याण्णव.

"डॉक्टर त नव्वद म्हनत होता ना?" आई म्हणाली. "मंग हे त लय चांगलं झालं." तिने देवघराकडे बघून हात जोडले आणि शिरा करायला घेतला. दवाखान्यातून आल्यापासून त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी तूप जरा सढळ हाताने घातलं असेल.

बाबा शिरा खात होते, पण त्यांचं लक्ष त्या यंत्राकडे होतं. नोकरीची शेवटची बारा वर्षं त्यांच्याकडे गॅसच्या लाइनवरची मीटर वाचायचं काम होतं. दर तासाला फेरी मारायची, प्रत्येक काटा कुठे आहे ते बघायचं आणि लॉगबुकात लिहायचं.

"मले पुन्हा लाव," ते म्हणाले.

अठ्ठ्याण्णव. खाली नाडीचा आकडा, बहात्तर.

"आता तुह्या आईले लाव."

अठ्ठ्याण्णव, बहात्तर.

"आता असं कर, जिना चार डाव चढ अन उतर, मंग लाव."

"कावून बाबा?"

"सांगतो. तू चढ."

आमचं क्वार्टर खालचं, जिना वरच्या मजल्यावर जातो. आजारी माणसाचा हट्ट म्हणून मी धावतच चार फेऱ्या केल्या. परत आले तेव्हा छाती धडधडत होती आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. बोटाला यंत्र लावलं. अठ्ठ्याण्णव, बहात्तर.

बाबांनी ते माझ्या बोटातून काढून आपल्या तळहातावर ठेवलं.

"हे मेलेलं मीटर आहे," ते म्हणाले. "ज्याचा काटा जागचा हलत नाई, त्याच्यावर भरोसा नाई ठेवाचा. खराब आकडा पाहून मानूस पळते तरी. हे पाहून मानूस झोपून राहीन."

"पन चांगलं सांगून राहिलं होतं ना हो," आई हळूच म्हणाली.

"म्हनूनच त डर लागते."

मला फार लाज वाटली. स्वस्त मिळालं एवढंच मी बघितलं होतं. बाबांनी आयुष्यभर काटे वाचले नसते, तर ते आकडे बघत आम्ही निश्चिंत राहिलो असतो आणि त्यांचा श्वास तिकडे उतरत गेला असता.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या सिस्टर दारात आल्या. कोण जिन्यावरून पळतंय आणि काही झालं की काय, हे बघायला त्या उतरल्या होत्या. मूळच्या केरळच्या, सगळी हयात नर्स म्हणून काढलेली, आता निवृत्त आणि एकट्या. इतकी वर्षं वरखाली राहत असूनही आमचं नातं जिन्यात भेटलो तर नमस्कार, इतपतच होतं. मी झालेलं सांगितलं. त्यांनी बाबांचं मनगट धरलं, स्वतःच्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजलं.

"हाथ एक सौ चार बोलता है, मशीन बहत्तर बोलता है," त्या म्हणाल्या. "हाथ सच्चा है."

मग त्यांनी मला नाडी मोजायला शिकवलं. कुठलंही ऑक्सिमीटर घ्यायचं तर आधी त्यातला नाडीचा आकडा हाताने मोजून ताडून बघायचा. तोच जुळत नसेल तर ऑक्सिजनच्या आकड्याला काही अर्थ नाही. आणि महाग म्हणजेच चांगलं, असंही समजायचं नाही. "मोबाइल का दुकान में मत जाओ. सर्जिकल सामान का दुकान में जाओ. पद्मनाभपुर में एक बूढ़ा आदमी है, वो झूठ नहीं बोलता."

पद्मनाभपूर माझ्या शाळेच्या वाटेवरच. दुकान अरुंद होतं. छताला वॉकर टांगलेले, दारात घडी केलेली व्हीलचेअर. म्हाताऱ्या दुकानदाराने 'कितने वाला चाहिए' असं विचारलं नाही. 'किसके लिए?' असं विचारलं. मी सगळं सांगितलं, सुपेल्याच्या यंत्रासकट. त्यांनी कपाटातून दोन ऑक्सिमीटर काढली. महागडं मोबाइलला जोडता यायचं आणि त्यावर आलेखही काढायचं.

"बाबूजी मोबाइल चलाते हैं?"

"सिर्फ फोन उठाते हैं," मी म्हणाले.

"तो ये आपके काम का नहीं," म्हणून त्यांनी ते परत कपाटात ठेवलं.

दुसरं साधं होतं. दोन बारके सेल आणि दोन आकडे. ते त्यांनी आधी स्वतःच्या बोटाला लावलं, मग माझ्या. मला माझी नाडी मोजायला सांगितली, जुळली. मग म्हणाले, कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत भराभर जाऊन या. मी भर दुपारी साडी सावरत गेले आणि आले. मगाशी ब्याऐंशी असलेला नाडीचा आकडा एकशे तीनवर गेला होता आणि मी तिथेच उभी राहून दम घेत होते तसा एकेक करून उतरत होता. आकडा हललेला बघून मला जो आनंद झाला, तो त्या म्हाताऱ्या माणसालाही कळला असावा. ते हसले.

किंमत दवाखान्यासमोरच्या दुकानापेक्षा जवळजवळ निम्मी. त्यांनी पक्कं बिल केलं, वर शिक्का मारला आणि सांगितलं, दवाखान्यात नेऊन तिथल्या मशीनच्या शेजारी लावून बघा, दोन-तीनपेक्षा जास्त फरक आला तर यंत्र परत आणा, पैसे परत देईन. मी निघाले तर पुन्हा हाक मारून म्हणाले, "मेहनत की उँगलियाँ हैं, चमड़ी मोटी होगी. सब उँगलियों में लगाकर देखना. जिसमें आँकड़ा ठहर जाए, वही पकड़ लेना."

त्यांचं म्हणणं खरं निघालं. बाबांच्या उजव्या हाताची बोटं भाजलेली होती, नखं जाडजूड, तिथे आकड्याऐवजी नुसत्या रेघा येत. डाव्या हाताच्या मधल्या बोटावर आकडा स्थिरावला. नव्वद. आईचा चेहरा पडला. तिच्या हिशेबाने कालच्यापेक्षा तब्येत आठ आकड्यांनी खालावली होती. बाबांना मात्र दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हसू आलं.

"हे जितं आहे," ते म्हणाले.

पुढच्या तपासणीला आम्ही ते बरोबर नेलं. नर्सने शेजारशेजारच्या दोन बोटांना दोन्ही यंत्रं लावली. दवाखान्याचं एक्क्याण्णव, आमचं नव्वद. तिने मान डोलावली आणि बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू परीक्षेत मीच पास झाले होते.

त्यानंतर बाबांनी माझ्याकडे एक वही मागितली. शाळेतली एक कोरी वही दिली. त्यात त्यांनी पट्टीने रकाने आखले: वेळ, ऑक्सिजन, नाडी, रिमार्क. सकाळ, दुपार, संध्याकाळ, तीन पाळ्या. रिमार्कमध्ये ते लिहायचे, 'चहा झाल्यावर', 'फाटकापर्यंत गेलो', आणि एकदा 'हिच्याशी वाद'. त्या दिवशी नाडी एकशे दहा होती. आईने ते वाचलं आणि दोन दिवस त्यांना वहीवरून बोलत राहिली.

थंडीतल्या एका सकाळी आकडा ब्याऐंशी आला. मी घाबरून वर धावले. सिस्टर आल्या, त्यांनी बाबांचे हात हातात घेतले आणि आईला कोमट पाणी आणायला सांगितलं. बोटं बर्फासारखी गार होती. पाच मिनिटं पाण्यात ठेवून, पुसून पुन्हा लावलं, नव्वद. "पहले हाथ गरम, फिर मशीन. और एक बार देखकर डरना नहीं," त्या मला म्हणाल्या. बाबांनी रिमार्कमध्ये लिहिलं, 'हात थंडे'.

खरी वेळ थंडी सरताना आली. पहिल्या खेपेला बाबांनी आठवडाभर त्रास लपवला होता. आम्हाला कळलं तेव्हा ओठ निळे पडले होते, आणि अठरा दिवस दवाखान्यात गेले. दवाखाना म्हटला की ते भिंतीकडे तोंड करून झोपायचे. या वेळी ताप नव्हता. जेवण ठीक होतं. विचारलं तर 'बरं आहे' म्हणायचे. मी शाळेला निघाले होते, चपला घालत होते, तर त्यांनी पलंगावरून वही माझ्यासमोर धरली.

"हे पाह्य."

परवा नव्वद, एकोणनव्वद, एकोणनव्वद. काल एकोणनव्वद, अठ्ठ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. आज सकाळी पंच्याऐंशी.

"हात गरम करून पाह्यलं, दोन बोटाले लावून पाह्यलं," ते म्हणाले. "उतरून राहिलं. चाल, जाऊ."

आपणहून दवाखान्यात चला म्हणणारे बाबा मी पहिल्यांदा बघत होते. मी शाळेत फोन केला आणि ऑटो बोलावला. सिस्टरना कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी त्या पर्स घेऊन खाली आल्या आणि ऑटोत बाबांच्या शेजारी बसल्या. सगळ्या रस्त्याने त्यांचा हात बाबांच्या मनगटावर होता.

डॉक्टरांनी वहीची पानं मागे मागे उलटून बघितली. छातीत जंतुसंसर्ग नुकताच सुरू झाला होता. अजून दोन दिवस थांबला असतात तर अवघड झालं असतं, असं ते म्हणाले. मग विचारलं, हे रेकॉर्ड कुणी ठेवलं? बाबांनी तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असताना वर्गातल्या मुलासारखा हात वर केला. पाचव्या दिवशी आम्ही घरी आलो.

मी पेढे घेऊन पद्मनाभपूरला गेले. म्हाताऱ्या दुकानदारांना मी आठवत नव्हते. सगळं सांगितल्यावर त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, एक पेढा उचलला आणि डबा दुकानात थांबलेल्या गिऱ्हाइकापुढे धरला. मला म्हणाले, यंत्र बरेच दिवस वापरायचं नसेल तर सेल काढून ठेवत जा. मी मान डोलावली. यापेक्षा जास्त आभार त्यांना नको होते.

सिस्टरचे आभार मानायचं बाबांनी स्वतःकडे घेतलं. अंगात ताकद आली तशी एका रविवारी त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि जिना चढायला लागले. अठरा पायऱ्या. मी स्टूल घेऊन मागे. बाबा तीन ठिकाणी बसले. सिस्टरनी दार उघडलं आणि आधी मलाच रागावल्या, "मेरे को बुलाना था ना."

बाबांनी आधी स्टुलावर बसून दम घेतला. मग आईने दिलेला लाखोळीच्या डाळीच्या वड्यांचा डबा त्यांनी पुढे केला.

"सिस्टर, बीस साल से आप ऊपर, हम नीचे," ते म्हणाले. "एक दिन भी चाय को नहीं आए. हमारी गलती."

सिस्टरनी डबा घेऊन आत ठेवला. मग म्हणाल्या, चहा नाही, कॉफी आहे. बाबांना कॉफी आवडत नाही. त्यांनी दोन कप घेतले.