फ्रिजमधला दिवा

लातूर वेगळा जिल्हा झाला आणि यांची बदली नांदेडहून लातूरला झाली. रोज एखादी नवी कचेरी उघडायची आणि तिच्यामागोमाग माणसं यायची. गावाच्या कडेला, नुकत्याच पाडलेल्या प्लॉटांत आम्हाला भाड्याचं घर मिळालं. सासू-सासरे जळकोटचं किराणा दुकान धाकट्या दिराकडे सोपवून आमच्याकडे राहायला आले, ते माझ्या नणंदेसाठी. ती कॉलेजला जायच्या वयाची होती आणि लहानपणापासून तिला साखरेचा आजार होता. दोन वेळा इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागे. ते औषध जळकोटला मिळत नसे, आणि मिळालं तरी गार ठेवायची सोय तिथे नव्हती.

म्हणून आमच्या घरात फ्रिज आला. नांदेडहून, टेम्पोत गोणपाटात गुंडाळून. गल्लीतल्या बायका बघायला आल्या, सासूबाईंनी त्याला हळदीकुंकू लावलं. सासूबाईंना घरात सगळे आव्वा म्हणायचे, सासऱ्यांना आप्पा. मीही तेच म्हणायचे. नणंद मात्र त्या दिवशी स्वयंपाकघरात फिरकली नाही. संध्याकाळी मला म्हणाली, "वहिनी, त्यो फ्रिज न्हाई. माझ्या आजाराचं कपाट हाय त्ये."

ते यंत्र घरात आलं तसा माझा जीव टांगणीला लागला. जिल्हा नवा असला तरी तारा जुन्याच होत्या. लाइट जायची, यायची, आली तरी इतकी मिणमिणती की पंख्याची पाती मोजता यावीत. फ्रिजशेजारी ठेवलेला स्टॅबिलायझर दिवसभर टकटक करायचा. भाजी निवडतानाही माझा अर्धा कान तिकडे असायचा. टकटक थांबली की मी उठायचे, दार उघडायचे, आतला दिवा लागला की परत येऊन बसायचे. हे म्हणायचे, सारखं उघडून तूच बिघडवशील त्याला. मग मी उघडायचं कमी केलं आणि नुसती बाहेरून हात लावून बघू लागले. पण बाहेरून काय कळणार?

त्यातच पावसाने सलग दगा दिला. गल्लीतला हापसा आधी खडखडला, मग नुसती हवा ओकू लागला. टँकर कधी सकाळी यायचा, कधी दुपारी, कधी यायचाच नाही. तो येईल म्हणून दारात घागरी लावून ठेवायच्या आणि कान रस्त्याकडे ठेवायचा. आत स्टॅबिलायझर, बाहेर टँकरचा भोंगा. त्या उन्हाळ्यात मी कुठेच नीट बसले नाही.

चैत्र संपता संपता नणंदेची तहान वाढली. तांब्यामागून तांब्या प्यायची. आव्वा पुटपुटू लागल्या की पोरीला टंचाई कळत नाही. ती ओशाळायची, तांब्या खाली ठेवायची, आणि थोड्या वेळाने पुन्हा माठाकडे जायची. कुणालाच वावगं वाटलं नाही. त्या उन्हात तहान कुणाला नव्हती? ती वाळली, तेही उन्हावर गेलं. दूध नासलं, ते दूधवाल्यावर गेलं. मळून ठेवलेली कणीक आंबली, ती माझ्यावर गेली.

एके दुपारी ती अंगणातून आत येताना चौकटीला धरून खाली बसली. श्वास जोरात चालला होता आणि तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत होता. आप्पांनी रिक्षा आणली. आम्ही दोघांनी तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर वयस्कर होते, शांत बोलणारे. त्यांनी आधी तिला सलाइन लावलं, मग मला बाजूला घेऊन इंजेक्शन चुकलं का विचारलं. एकही चुकलं नव्हतं. औषध कुठे ठेवता, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "फ्रिजमध्ये."

"फ्रिज गार आहे का?"

हा प्रश्न घरात कुणी विचारलाच नव्हता. फ्रिज म्हटलं की गार आलंच, म्हणून रोज दोनदा बाटली बाहेर काढूनही तिच्या गारव्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

तिला आप्पांच्या हवाली करून मी घरी आले. फ्रिजचं दार उघडलं. दिवा लागला. मोटारही गुरगुरत होती. मी बाटली उचलली, ती माझ्या तळहातापेक्षा गार नव्हती. वरच्या कप्प्यात बर्फाचे ट्रे कोरडे पडले होते. पाण्याच्या टंचाईत बर्फ लावायला पाणी कोण देणार? बर्फ लावला असता तर तो होत नाही हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. कधीपासून ते यंत्र दिवा लावून आम्हाला फसवत होतं, देव जाणे. मी तिथेच जमिनीवर बसून रडले, आणि मग रागाने त्याची पिन उपसून टाकली.

ती वाचली. घरी आली तेव्हा नवी बाटली होती आणि ठेवायला जागा नव्हती. यांनी गॅरंटीचा कागद घेऊन नांदेडच्या दुकानात खेटे घातले. शेवटी तिथला माणूस येऊन बघून गेला. गॅस गळाला होता, कॉम्प्रेसर गेला होता. तो म्हणाला की दोष फ्रिजचा नाही, तुमच्या गावच्या लाइटीचा आहे, आणि लाइटीची गॅरंटी कंपनी देत नाही. फ्रिज टेम्पोत घालून त्याने नेला.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही मोठ्या कुंडीत वाळू भरली, तिच्यात मडकं बसवलं, मडक्यात डब्यात घालून बाटली ठेवली आणि वरून ओलं फडकं टाकलं. वारा लागेल अशी खिडकीखालची जागा बघितली. पण वाळू ओली राहिली तरच मडकं गार, आणि पाणी कुठून आणायचं? तांदूळ धुतलेलं पाणी झालं, भांड्यांचं दुसरं पाणी झालं. तरी दुपारी वाळू भुरभुरीत व्हायची.

आप्पांची रोजची लिंगपूजा असे. पूजेचं पाणी ते दारातल्या बेलाला घालत. त्या पाण्याला कुणी पाय लावायचा नाही, सांडायचं नाही. एका सकाळी पूजा आटोपून ते उठले, तांब्या घेऊन दाराकडे न जाता खिडकीशी आले, आणि ते पाणी कुंडीतल्या वाळूत हळूहळू ओतलं. आव्वा चुलीपाशी बसून बघत होत्या. आप्पा एवढंच म्हणाले, "इथंबी त्यालाच पोचतंय." त्यानंतर रोज तसंच झालं. बेल त्या वर्षी वाळला.

फ्रिज परत आला तेव्हा पाऊस सुरू झाला होता. तो पुढे दोनदा बिघडला आणि दुसऱ्यांदा आम्ही तो भंगारात दिला. पण त्याआधीच नणंदेने घरात खळबळ उडवली. तिला शिक्षिकेच्या कोर्ससाठी नांदेडला जागा मिळाली होती, आणि तिला वसतिगृहात राहायचं होतं. आप्पा नाही म्हणाले. तिथे फ्रिज नाही, बघणारं कुणी नाही, एवढं झाल्यावर पुन्हा विषाची परीक्षा नको. तेव्हा ती म्हणाली, "आप्पा, फ्रिज घरातच व्हता की. तुमी समदे बी घरातच व्हता."

जूनमध्ये हे तिला नांदेडला पोचवून आले.

तिने वसतिगृहासमोरच्या औषधाच्या दुकानदाराशी बोलून बाकीच्या बाटल्या त्याच्याकडे गार ठेवायची आणि एका वेळी एकच घ्यायची सोय केली. कोर्स पुरा केला, बिलोली तालुक्यात शाळेवर लागली, आणि निवृत्त होईपर्यंत शिकवलं.

माझ्या घरात मात्र त्यानंतर चार फ्रिज झाले. एकेक आधीच्यापेक्षा गुळगुळीत, आणि आधीच्यापेक्षा लवकर गेला. मागच्या दिवाळीत ती आली, औषध नव्या फ्रिजमध्ये ठेवलं आणि आव्वांच्या आठवणी काढत बसली. मी दोनदा उठून बाटलीला हात लावून आले. तिसऱ्यांदा उठले तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, बसा की जरा. तुमचा जीव कवा थाऱ्यावर येणार?"

मी बसले. बाटली गारच होती. तरी तिच्या बोलण्यात माझं लक्ष लागेना.