बरणीतली किडनी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, प्रयोगशाळेत, बोकडाच्या किडनीला जोडलेली नळी बदलत होते. "वन्सं, तुमचं दादा गेलं," एवढंच ती बोलली. मी नळी नीट बसवली, पंप चालू आहे ना ते पाहिलं आणि मग माहेरी, राजुरीला निघाले. महिना उलटून गेला, तरी आधी नळी बसवली याचं मला वाईट वाटतं...

आमचं काम सांगायला सोपं आहे. काचेच्या बरणीत ठेवलेल्या बोकडाच्या किडनीतून साबणासारखं द्रावण दिवसचे दिवस सोडायचं. पेशी धुऊन जातात आणि रक्ताच्या वाटांसकट पांढराफटक सांगाडा मागे उरतो. त्यात नव्या पेशी रुजवायच्या. कधीतरी रुग्णाच्याच पेशी घालून त्याची किडनी तयार होईल, ही आशा. हे 'कधीतरी' मी दादाला किती वेळा ऐकवलं असेल.

त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. डायलिसिससाठी मंचरच्या फेऱ्या चालू होत्या. माझी किडनी त्याला जुळत होती, डॉक्टर तयार होते, माझ्या घरचेही तयार होते. अडून बसला तो दादाच. दिलेल्या लेकीच्या घरचं आमच्याकडे घेत नाहीत. माझ्याकडे यायचा तोसुद्धा भाकरी बांधून. म्हणायचा, "बहिणीच्या घरचा चहा आमी घेत न्हाई सुमे, आन् किडनी घ्यायची व्हय? तुज्या बरणीतली दे, ती घेतो."

एकदा मुद्दाम बघायला आला. बरणीपुढे बराच वेळ उभा राहिला.

"हिच्यात आता बोकड ऱ्हायलं का?"

"नाही."

"मंजी आता कुणाचीबी व्हईल."

"मग माझी घे की, न धुता."

तो नुसता हसला. मला रडू येईल इतका राग आला होता. पुढे त्याचं हृदय कमजोर होत गेलं. शेवटी वहिनीनं शपथ घातली, तेव्हा मान खाली घालून "घेतो" म्हणाला. तोवर डॉक्टरांनीच सांगितलं, आता शस्त्रक्रिया झेपायची नाही.

लोक म्हणतात, मानी माणूस होता. असेल. मी त्या मानापुढे थकले.

परवा आमच्या संस्थेत सगळ्यांची तपासणी झाली. सोनोग्राफी करणारी मुलगी पोटावरून यंत्र फिरवत कौतुकानं म्हणाली, "मॅडम, दोन्ही किडन्या अगदी छान आहेत." मी बरं म्हटलं. तिनं पुढच्या बाईंना हाक मारली, तरी मला उठवेना.