थडग्याच्या दारात अडकलेला जावई

जंगलातले माया लोकांचे पिरॅमिड पाहायचे, ही माझी कॉलेजपासूनची हौस. पण सोहारच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळणाऱ्या माणसाला मेक्सिकोला जाऊन येण्याइतकी सुट्टी मिळत नाही. म्हणून ओमानमध्येच काहीतरी प्राचीन शोधलं आणि एका शुक्रवारी सकाळी गाडी अल ऐनकडे काढली. बरोबर बायको मेघा आणि देवरुखहून आलेले सासरे, अण्णा. सासूबाईंना जाऊन वर्षही झालं नव्हतं. आल्यापासून अण्णा विचारल्याशिवाय बोलत नव्हते. त्यांचं मन जरा रमावं, म्हणून ही सहल.

इब्रीच्या अलीकडे एका मलबारी हॉटेलात चहा-पराठे घेताना मी माहिती द्यायला लागलो. पाच हजार वर्षांपूर्वीची, मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराची दगडी थडगी, वगैरे. अण्णा हात धुवायला उठल्यावर मेघा हळूच म्हणाली, "अण्णांना तू थडगी दाखवायला नेतोयस?"

खरं सांगतो, तोवर हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता परत फिरायचं तर कारण काय सांगणार? पुढे गेलो.

समोर जबल मिश्त (कंगव्याचा डोंगर) सरळसोट उभा होता. अलीकडच्या बुटक्या टेकडीच्या कण्यावर थडगी ओळीने बसली होती. खाली वादीत (कोरड्या नदीच्या पात्रात) खजुरांची हिरवी पट्टी, तेवढंच काय ते जंगल.

एका थडग्यापुढे अण्णा उभे राहिले ते हलेनातच. मी घाबरलो, आणि घाबरलो की मी जास्त बोलतो. चुन्याशिवाय दगड कसे रचलेत ते आतून बघायला हवं, असं म्हणून मी गुडघ्यांवर बसलो आणि त्या एवढ्याशा दारात डोकं घातलं, मग खांदे. पोट आलं आणि सगळं थांबलं. पुढे सरकता येईना, मागेही येता येईना. जोर लावावा, तर हजारो वर्षं टिकलेलं बांधकाम माझ्या ढेरीने कोसळायचं.

मुलाबाळांना घेऊन आलेल्या एका ओमानी गृहस्थांना बाहेर फक्त माझे पाय दिसले. त्यांनी काळजीने विचारलं, "ये आदमी जिंदा है?"

"जिंदा है," अण्णा म्हणाले. "हमारा जावई है."

मग ते माझ्या पायांशी बसले. "श्वास सगळा सोडा, जावईबापू. घाई नको." दोघांनी एकेक पाय धरून मला बेताने ओढलं. शर्टाची बटणं आत राहिली, दगड मात्र एकही हलला नाही.

अण्णा हसत होते. दगडावर बसून, डोळे पुसत हसत होते. त्या हसण्याचं रडणं कधी झालं, ते मला कळलं नाही. त्या गृहस्थांनी थर्मासमधला कहवा (वेलदोड्याची बिनदुधाची कॉफी) ओतला आणि पहिला पेला अण्णांच्या हातात दिला.

थोड्या वेळाने अण्णांनी विचारलं की, एका थडग्यात एकालाच ठेवायचे का. मी सांगितलं, नाही, पिढ्यान्‌पिढ्या कितीतरी जणांना एकत्र.

"मग बरं," ते म्हणाले.

परतताना ते पुढच्या सीटवर बसले आणि आपणहून बोलायला लागले. सासूबाई घाबरल्या की देवाचं नाव घेण्याऐवजी अण्णांनाच कशा शिव्या द्यायच्या, हे मेघालाही ठाऊक नव्हतं. मी एवढा अभ्यास करून गेलो होतो, पण शेवटी कामाला आली ती माझी ढेरी. हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही.

सोहार आलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. आमच्या घराचं वळण आलं, पण अण्णांची गोष्ट अर्ध्यावर होती. मी वळण सोडून सरळ पुढे गेलो. मेघाच्या ते लक्षात आलं, आणि तिने मागच्या सीटवरून विचारलं, "मग पुढे काय झालं, अण्णा?"